रेडिएशननंतर १२ वर्षांनी जबड्यावर गाठ: ओआरएन म्हणायचं की सार्कोमा शोधायचा?

दाढ_अक्कल (दंतचिकित्सक)

डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी दहा-बारा वर्षांपूर्वी ‘लाईट घेतलेले’ रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यात दाढदुखी घेऊन येतात. मूळ आजार केव्हाच बरा झालेला असतो. जबडा दुखतोय म्हटल्यावर केसपेपरवर सरळ ओआरएन, म्हणजे रेडिएशनने मेलेलं हाड, असं लिहून अँटिबायोटिक सुरू होतं. त्यातल्या एखाद्यात रेडिएशनमुळेच उगवलेला हाडाचा सार्कोमा, म्हणजे हाडातूनच सुरू झालेला कॅन्सर, निघतो, आणि तो सापडेपर्यंत तीन-चार महिने गेलेले असतात. ते महिने कसे वाचवायचे, एवढाच प्रश्न आहे.

चर्चेसाठी असं चित्र धरा. नाकाच्या मागच्या घशाचा कॅन्सर, ३५ फ्रॅक्शनमध्ये (बैठकांत) ७० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन ही केमो, त्याला १२ वर्षं झाली. आता खालच्या जबड्याच्या उजव्या कोनाशी दोन महिन्यांत वाढलेली कडक सूज, खालचा ओठ त्या बाजूला बधिर, तोंड २२ मि.मी. उघडतं, ४७ नंबरची दाढ हलते. हाड कुठेही उघडं पडलेलं नाही. ओपीजीत (दोन्ही जबड्यांच्या सलग एक्स-रेत) कोनाशी धूसर, कुरतडल्यासारखा भाग.

दाढ काढावी का? बायोप्सी इथेच घ्यावी की थेट पाठवावं? आणि पुढे नेमकं काय होतं, म्हणजे घरच्यांना खोटी आशाही नको आणि उगाच भीतीही नको.

---

जबडा_सर्जन

दाढ काढू नका. हे आधी लिहितो, बाकीचं मग.

सार्कोमा असेल तर त्या खड्ड्यातून मांसल गाठ वर येते, रक्त थांबत नाही आणि पुढच्या ऑपरेशनसाठी जे थर स्वच्छ राहायला हवेत ते तुम्ही स्वतःच्या हाताने उघडून ठेवता. ओआरएन असेल तरी ६० ग्रेच्या वर डोस गेलेल्या हाडात दाढ उपटली की खड्डा भरत नाही. दोन्हीकडून तोटाच. दाढ फार हलत असेल तर शेजारच्या दाताला स्प्लिंट करा, चावा कमी करा आणि रुग्णाला पाठवा.

आता फरक. ओआरएनच्या नेहमीच्या व्याख्येत तीन महिन्यांहून जास्त काळ उघडं पडलेलं, न भरणारं हाड येतं. पू, नासूर, हाडाचा सुटा तुकडा, क्वचित आपोआप मोडलेला जबडा. सूज असते, पण कमी-जास्त होत राहते. तुमच्या चित्रात हाड झाकलेलं आहे आणि कडक गाठ दोन महिन्यांत वाढली आहे. हे ओआरएनचं वागणं नव्हे. ओठ बधिर होणं ओआरएनमध्येही दिसतं, विशेषतः जंतुसंसर्ग किंवा फ्रॅक्चर असेल तर. म्हणून एकट्या बधिरपणावर निकाल देऊ नका. पण वाढती गाठ आणि नव्याने आलेला बधिरपणा एकत्र दिसले, तर बायोप्सी खोटं ठरवत नाही तोवर तो ट्यूमरच. कापसाचं टोक आणि बोथट सुई घेऊन हनुवटीच्या दोन्ही बाजू ताडून पाहा आणि तारखेसह लिहून ठेवा.

अँटिबायोटिकने फसायला होतं. ट्यूमरवर संसर्ग बसलेला असतो, गोळ्यांनी तेवढा भाग उतरतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. दहा दिवसांनी गाठ होती तेवढीच राहिली किंवा वाढली असेल तर दुसरा कोर्स लिहायचा नाही.

तोंड न उघडण्याबद्दल. ३५ मि.मी.पेक्षा कमी म्हणजे ट्रिसमस. आपल्याकडे त्याचं खापर सुपारी-गुटख्यावर नाहीतर जुन्या लाईटवर फोडून मोकळं होतात. रेडिएशनचा आखडलेपणा बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांत येतो आणि मग फारसा बदलत नाही. सुपारीचा तर वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. पूर्वी ३२ उघडणारं तोंड दोन महिन्यांत २२ वर आलं, तर चावण्याच्या स्नायूंत काहीतरी शिरलंय. म्हणून असा रुग्ण दरवेळी आला की मि.मी. मोजून लिहा, ‘तीन बोटं’ नको. बोटं कोणाची?

ओपीजीसोबत त्या दाढेचा छोटा एक्स-रेही काढा. दाताच्या मुळाभोवतीची काळी रेघ, म्हणजे पेरिओडॉन्टल लिगामेंटची जागा, दोन्ही बाजूंनी सारखी रुंदावलेली दिसली तर ती ऑस्टिओसार्कोमाची (कच्चं हाड बनवणाऱ्या सार्कोमाची) जुनी खूण आहे. १९६७ साली गॅरिंग्टनने दाखवलेली. रेडिएशन घेतलेल्या जबड्यात मात्र ती रेघ सगळ्याच दातांभोवती जाड झालेली असू शकते. एक-दोन दातांपुरतीच असेल तर तिला वजन द्या. मँडिब्युलर कॅनॉल (खालच्या जबड्यातली नस जाते ती नळी) रुंदावलाय का, हिरडीच्या वर ढगासारखं नवं हाड दिसतंय का, तेही पाहा.

बायोप्सीआधी स्कॅन, हा क्रम उलटा करू नका. सुरी लागल्यावर सूज येते आणि एमआरआयमध्ये ट्यूमर कुठे संपतो ते कळेनासं होतं. हाडासाठी १ मि.मी. किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी; हाडातला मगज, मज्जातंतू आणि मऊ भागासाठी कवटीच्या तळापासून मानेपर्यंत कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. छातीचा सीटीही लागतो, कारण हा आजार पसरला तर आधी फुप्फुसात जातो. मानेच्या गाठींत क्वचितच.

---

किरणमात्रा (रेडिएशन ऑन्कोलॉजी)

‘रेडिएशनमुळे झालेला’ हे म्हणायचे निकष जुने आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या केहान आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये ११ रुग्णांवरून ते मांडले: नवा ट्यूमर रेडिएशनच्या क्षेत्रातच उगवलेला हवा, मध्ये बराच काळ काही त्रास नसलेला गेलेला हवा (त्यांनी पाच वर्षं धरली), पेशींच्या तपासणीत सार्कोमा सिद्ध व्हायला हवा, आणि त्या जागी आधीपासून तो नव्हता याचा पुरावा हवा. पुढे बदल होत गेले. आता मूळ कॅन्सरपेक्षा वेगळ्या पेशीचा असावा असं म्हणतात आणि कालावधी तीन-चार वर्षांपर्यंत खाली आणतात. बहुतेकांत १० ते १५ वर्षं लागतात, पण ३०-४० वर्षांनीही दिसतो. म्हणजे पाच वर्षांचा फॉलो-अप संपला की धोका संपला, हे खरं नाही. तेव्हा कुठे तो सुरू होतो.

किती जणांना होतो? रेडिएशन घेतलेल्यांत ०.०३ ते ०.८ टक्के असे आकडे नेहमी दिले जातात. फार थोडे. तुमच्याकडे येणाऱ्या जुन्या रेडिएशनच्या रुग्णात ओआरएन किंवा तंबाखूमुळे हिरडीच्या आवरणाला झालेला दुसरा (स्क्वेमस) कॅन्सर निघण्याची शक्यता सार्कोमापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून सगळ्यांना घाबरवू नका. पण यातल्या कशालाच बायोप्सीशिवाय नाव देता येत नाही, हा मुद्दा उरतोच.

लहानपणी घेतलेलं रेडिएशन वेगळं धरा. दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) झालेल्या मुलांच्या प्रत्येक पेशीत आरबी१ जनुकातला दोष असतो. अमेरिकेतल्या १९९७ च्या मोठ्या पाहणीत आनुवंशिक प्रकारात ५० वर्षांत दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण ५१ टक्के आणि अनानुवंशिक प्रकारात ५ टक्के आढळलं. सार्कोमाचा धोका ५ ग्रेपासून पुढे डोसबरोबर चढत गेला. पहिल्या वाढदिवसाआधी बाहेरून रेडिएशन दिलेल्यांत तो आणखी जास्त. म्हणूनच आता या मुलांत आधी केमो आणि स्थानिक उपचार करतात. अशी मुलं मोठी होऊन तुमच्याकडे आली तर त्यांची कानशिलं खोल गेलेली आणि चेहऱ्याचा मधला भाग कमी वाढलेला दिसेल. तिथे नवी गाठ, नाक एका बाजूने चोंदणं, त्यातून रक्त येणं किंवा डोळा पुढे येणं याला थांबायचं नाही. टीपी५३ या जनुकाचा दोष असलेल्या घराण्यांतही तेच.

लहान मुलांतला आणखी एक आकडा उपयोगी पडेल. १९८७ च्या अभ्यासात ६० ग्रेच्या वर डोस गेलेल्या मुलांत हाडाच्या सार्कोमाचा धोका ४० पट निघाला, आणि अल्किलेटिंग गटातल्या केमोने तो वेगळा वाढला. फायब्रस डिसप्लेशियासारख्या (हाडाच्या जागी धागेदार भाग वाढतो त्या) कॅन्सर नसलेल्या आजाराला पूर्वी रेडिएशन देत, ते आता देऊ नये असं सांगतात, त्याचंही कारण हेच.

जुनी फाईल हरवली असेल तरी क्षेत्राचा अंदाज लागतो. दाढी न उगवणारा चौकोनी पट्टा, काळवंडलेली किंवा बारीक लाल रेघांची त्वचा, हिरडीलगत मानेपाशी किडलेले दात, कोरडं तोंड. कोबाल्ट मशीनच्या काळात दोन्ही गालांवरून समोरासमोर किरण दिले जात, त्यामुळे जबड्याचे दोन्ही कोन पूर्ण डोसात बसत. विचारताना ‘रेडिएशन’ शब्द वापरून भागत नाही. ‘लाईट घेतली होती का, शेक दिला होता का, किती दिवस, रोज की आठवड्यातून पाच दिवस’ असं विचारा. सात आठवडे रोज गेल्याचं सांगितलं तर डोस ६६ ते ७० ग्रेच्या आसपास समजा.

जाता जाता, दंतचिकित्सकांसाठी. न्यू जर्सीत घड्याळाच्या तबकड्या रंगवताना ब्रश ओठांनी टोकदार करणाऱ्या मुलींच्या जबड्यांची वाट लागत होती. १९२४ मध्ये त्याला ‘रेडियमचा जबडा’ हे नाव दिलं थिओडोर ब्लम या न्यूयॉर्कच्या दंतचिकित्सकाने. तिथे रेडियम पोटातून हाडात गेलेलं होतं, त्यामुळे तो आजार निराळा. पण आधी जबडा बोलला आणि आधी तुमच्याच व्यवसायातल्या माणसाने ऐकलं.

---

दाढ_अक्कल

सर, डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. दोन उपप्रश्न. आधी एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणी) करून पाठवली तर वेळ वाचेल का? आणि ओआरएन समजून पेंटॉक्सिफायलीन आणि व्हिटॅमिन ई सुरू केलेलं असेल तर?

---

स्लाइडवाली (पॅथॉलॉजी)

एफएनएसीने वेळ वाचत नाही, वाया जातो. ऑस्टिओसार्कोमा म्हणायला ट्यूमरच्या पेशींनी स्वतः बनवलेलं कच्चं हाड, ऑस्टिऑइड, दिसावं लागतं. सुईच्या चार थेंबांत ते क्वचित येतं. ‘स्पिंडल पेशी, संशयास्पद’ असा रिपोर्ट येईल आणि तुम्ही तिथेच उभे.

बायोप्सी कुठून घेतली यावर सगळं ठरतं. वरवरचा तुकडा आला की आम्हाला मेलेलं हाड, ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरतानाचा मऊ भाग) आणि अ‍ॅक्टिनोमायसिस जंतूंच्या गुठळ्या दिसतात. रिपोर्ट जातो ‘ऑस्टिओमायलायटिस’, म्हणजे हाडाचा जंतुसंसर्ग. तो त्या तुकड्यापुरता खरा असतो, रुग्णापुरता नसतो. असा रिपोर्ट आला आणि गाठ मात्र वाढतेय, तर रिपोर्टवर नव्हे, गाठीवर विश्वास ठेवा आणि पुन्हा, खोलवरून घ्यायला सांगा. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट घेणारा मऊ भाग आणि हाड यांच्या सीमेवरून, तीन-चार तुकडे.

डबा रुंद तोंडाचा, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट. सलाईनमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी पोचलेले नमुने सडलेले असतात. मऊ तुकडा आणि हाडाचा तुकडा वेगळ्या डब्यांत पाठवा. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की डीएनए खराब होतो आणि पुढच्या तपासण्या बाद होतात. मऊ तुकडा आम्ही आम्लाविना थेट घेतो. हाडाला ईडीटीए हे सौम्य द्रव्य, पण त्याला दिवस लागतात. तीन दिवसांत रिपोर्ट का नाही, असे फोन येतात. म्हणून नाही.

आमच्यापुढचा खरा पेच सार्कोमा आणि स्पिंडल (धाग्यासारख्या) पेशींचा कार्सिनोमा, म्हणजे आवरणातून उगवलेला कॅन्सर, यांचा असतो. घसा-तोंडाचा कॅन्सर झालेल्याला, त्याच जागी, धाग्यासारख्या पेशी. पेशींत रंगवून पाहायच्या प्रथिनांपैकी केराटिन, पी४० आणि पी६३ हे कार्सिनोमाकडे नेतात. पण ऑस्टिओसार्कोमातही केराटिन ठिपक्याठिपक्याने येऊ शकतं. एसएटीबी२ हाड बनवण्याकडे झुकलेल्या पेशी दाखवतं, एवढ्यावर निदान होत नाही. कूर्चेसारखा दिसणारा असेल तर कॉन्ड्रोसार्कोमापासून (कूर्चेच्या सार्कोमापासून) वेगळा करायला आयडीएच जनुकातला बदल बघतो. जबड्यात खरा कॉन्ड्रोसार्कोमा दुर्मीळ आहे, त्यामुळे तसं नाव छोट्या बायोप्सीवर दिसलं की जरा थांबा. हे सगळं मागवायचं की नाही, ते फॉर्मवर ‘पूर्वी रेडिएशन’ लिहिलंय का यावर अवलंबून असतं. निम्म्या फॉर्मवर वय आणि ‘उजवा जबडा, सूज’ एवढंच असतं.

---

जबडा_सर्जन

पेंटॉक्सिफायलीन ४०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा आणि व्हिटॅमिन ई १००० युनिट हा ओआरएनचा मान्य कोर्स आहे. तो महिनोनमहिने चालतो, हीच अडचण. सुरू असेल तर बिघडलं नाही, पण ट्यूमर नाही हे आधी ठरवायला हवं होतं. दाबाखालच्या ऑक्सिजनचं तर अजिबात सुरू करू नका. चालू ट्यूमर असताना तो देत नाहीत. दाढ काढण्याआधी संरक्षण म्हणूनही त्याचा फायदा ब्रिटनमधल्या होपॉन चाचणीत दिसला नाही.

बायोप्सी तुमच्या खुर्चीत नको. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. चीर अशा ठिकाणी हवी की मोठ्या ऑपरेशनमध्ये ती गाठीसोबत निघून जाईल, आणि ती जागा जो सर्जन काढणार त्यानेच ठरवावी. मोठा फ्लॅप उचलायचा नाही, खरवडायचं नाही, प्लेट लावायची नाही. बाहेरून मऊ गाठ हाताला लागत असेल तर १४ गेजची ट्रूकट (तुकडा कापून आणणारी जाड सुई) पुरते.

ऑपरेशनचं गणित थोडक्यात. जबड्याच्या ऑस्टिओसार्कोमात माणूस दगावतो तो बहुतेकदा जागच्या जागी पुन्हा वाढल्यामुळे, फुप्फुसामुळे कमी. म्हणून सगळी भिस्त पहिल्याच वेळी स्वच्छ कडा मिळण्यावर, म्हणजे कापलेल्या कडांत ट्यूमर न उरण्यावर. एमआरआयमध्ये मगजात जिथवर दिसतं त्याच्यापुढे हाडात साधारण २ से.मी. सोडून कापतो. हाडाचं फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणं) होत नाही, म्हणून कापलेल्या टोकातला मगज खरवडून देतो. खालच्या जबड्यात हे जमतं. वरच्या जबड्यात डोळा आणि कवटीचा तळ आडवे येतात, तिथेच कडा राहतात.

जागा भरायला पायातलं फिब्युला हे हाड. रक्तवाहिन्या जोडायला मानेतल्याच हव्यात, आणि त्या ७० ग्रे खाऊन बसलेल्या असतात. मानेचा आणि दोन्ही पायांचा सीटी अँजिओ आधी करून घेतो. गरज पडली तर दुसऱ्या बाजूच्या मानेतून शिरेचा तुकडा जोडून आणतो. जखम उकलणं, प्लेट उघडी पडणं हे इथे नेहमीपेक्षा जास्त होतं. घरच्यांना आधीच सांगा.

---

थेंबथेंब (मेडिकल ऑन्कोलॉजी)

केमोवर एकमत नाही, तेव्हा माझं मत म्हणून वाचा. हाता-पायाच्या ऑस्टिओसार्कोमात केमोचा फायदा पक्का आहे. जबड्यात तेवढा नाही. गाठ आत्ता स्वच्छ निघत असेल तर मी केमोसाठी ऑपरेशन लांबवत नाही. कडा अवघड दिसत असतील किंवा हाय-ग्रेड (पेशी जास्त आक्रमक असलेली), वेगाने वाढणारी गाठ असेल तर आधी दोन-तीन चक्रं.

या रुग्णांत औषधांची शिल्लक कमी असते, हा मोठा फरक. नेहमीच्या एमएपी या तीन औषधांच्या पद्धतीत सिस्प्लॅटिन एकूण ४८० मि.ग्रॅ. प्रति चौरस मीटर आणि डॉक्सोरुबिसिन ४५० जातं, शिवाय मेथोट्रेक्सेट दरवेळी १२ ग्रॅम प्रति चौरस मीटर. तुमच्या रुग्णाला ४० चे सहा आठवडे, म्हणजे २४० सिस्प्लॅटिन आधीच गेलंय, आणि कानांवरून ७० ग्रेची सावलीही. ऑडिओग्राम, क्रिएटिनिन क्लिअरन्स, इको झाल्याशिवाय मी काही लिहीत नाही. मोठ्या वयात एवढं मेथोट्रेक्सेट झेपत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइडची ओजीएस-१२ ही पद्धत वापरतात, रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी मोजायची सोय नसलेल्या ठिकाणीही ती चालते.

दंतचिकित्सकांनी एक लक्षात ठेवा. रुग्ण मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटवर असेल आणि तोंड आलं, दात दुखला म्हणून तुमच्याकडे आला, तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, कोट्रायमोक्साझोल, पॅन्टोप्राझोल यांपैकी काहीही आम्हाला न विचारता देऊ नका. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडायचं अडतं. आपली नेहमीची ‘दात दुखला’ची चिठ्ठी म्हणजे यातली निम्मी यादीच असते.

---

किरणमात्रा

कडा राहिल्या तर पुन्हा रेडिएशन, असं सर्रास लिहिलं जातं. त्या ऊतींनी आयुष्यभराचा डोस आधीच घेतलाय. मेंदूचा खालचा भाग, दृष्टीची नस, कॅरोटिड धमनी यांचा जुना हिशेब मांडल्याशिवाय दुसऱ्यांदा देता येत नाही, आणि कॅरोटिड फुटण्याची भीती खरी आहे. निवडक रुग्णांत प्रोटॉनचा विचार होतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आणि चेन्नईत ती सोय आहे. पण अपुऱ्या ऑपरेशनची भरपाई म्हणून त्याकडे पाहू नका. जुनी डोसची फाईल नसेल तर आम्ही अंधारातच असतो, म्हणून ती शोधायला आजच नातेवाइकाला पाठवा.

---

दाढ_अक्कल

मग पाठवायच्या चिठ्ठीत काय लिहू, म्हणजे तिथल्या ओपीडीत रांगेत हरवणार नाही?

---

जबडा_सर्जन

असं लिहा: ‘नेझोफॅरिंक्सच्या कॅन्सरसाठी १२ वर्षांपूर्वी ७० ग्रे, ३५ फ्रॅक्शन, सिस्प्लॅटिनसह. मूळ आजार परतल्याची खूण नाही. दोन महिन्यांत वाढलेली उजव्या कोनाशी कडक सूज, अमुक बाय अमुक से.मी. उजवा खालचा ओठ बधिर, अमुक तारखेपासून. तोंड २२ मि.मी., पूर्वी अमुक. हाड उघडं नाही. दाढ काढलेली नाही, बायोप्सी घेतलेली नाही. रेडिएशनच्या क्षेत्रातला सार्कोमा किंवा दुसरा कार्सिनोमा असा संशय. सीटी, एमआरआय आणि खोल बायोप्सीसाठी.’ सोबत ओपीजी, तारखेसह, आणि असेल तर जुनी ओपीजी. जुन्या फिल्मने जेवढं कळतं तेवढं नव्या सीटीनेही कधीकधी कळत नाही.

‘ओआरएन?’ असं प्रश्नचिन्ह घालूनही लिहू नका. पुढच्या कागदावर प्रश्नचिन्ह गळतं आणि ओआरएन राहतं.

---

स्लाइडवाली

चिठ्ठीवर तुमचा मोबाईल नंबरही घाला. स्लाइड बघताना काही अडलं तर सर्जनना ऑपरेशनमधून बाहेर बोलावण्यापेक्षा तुम्हाला विचारणं सोपं पडतं.